वाटणीची बांगडी

सकाळी न्हाणीघराबाहेरच्या पाटावर ईश्वरी उभी राहिली की गाडेकरांच्या घरातली सगळी कामं क्षणभर थांबत. गॅसवरचं दूध उतू जायच्या बेतात असलं तरी सुवर्णाताई आच बारीक करून स्वयंपाकघराच्या दारात येत आणि मल्हार अर्ध्या दाढीचा फेस तसाच ठेवून खोलीतून डोकावे. पाट दिसायला साधा, जेवायला बसायच्या पाटासारखाच, पण त्याच्या पोटात वजनकाटा होता. ईश्वरीच्या डाव्या मनगटातल्या करड्या बांगडीशी त्या पाटाचं काहीतरी गुपचूप बोलणं होई आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या वजनाचे वाटे उमटत. बाळ किती, बाळाला पोसणारी वार किती, गर्भजल किती, वाढलेलं रक्त किती, चरबी किती. सगळ्यात खाली मोकळं पाणी, म्हणजे रक्तवाहिन्यांतून झिरपून अंगात भलत्याच ठिकाणी साठलेलं पाणी. प्रत्येक वाट्यापुढे एक ठिपका. सगळे ठिपके हिरवे दिसले की मल्हार 'पास' म्हणून उरलेली दाढी करायला जाई आणि सुवर्णाताई दुधाकडे वळत.

या यंत्राचं अधिकृत नाव 'गर्भभार विभाजक' असं होतं. ते नाव ज्यानं ठेवलं त्याच्या घरात कधी पाळणा हलला नसावा. बार्शीतल्या बायकांनी आठवड्याभरात त्याची 'वाटणी' करून टाकली. शेताची वाटणी होईपर्यंत भावाभावांच्या दोन पिढ्या कोर्टात जिरतात. ही वाटणी चूळ भरायच्या आत होई आणि तिच्यावर कुणी अपील करत नसे.

सुवर्णाताईंच्या वेळी असं काही नव्हतं. मल्हार पोटात असताना त्या महिन्यातून एकदा काट्यावर उभ्या राहत आणि जो एकच आकडा येई त्यावरून सगळ्यांची बोलणी खात. कमी वाढलं की सासू म्हणे बाळाला उपाशी ठेवतेस, जास्त वाढलं की डॉक्टर म्हणत भात कमी करा. त्या आकड्यात बाळ किती आणि भात किती, हे दोघांनाही ठाऊक नसे. त्यांची धाकटी बहीण वर्षा आठव्या महिन्यात अचानक भरल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळून तिचं ताट कमी केलं. वजन वाढलं की आपल्याकडे आधी ताटाकडेच बघतात. वर्षाचं वजन ताटातलं नव्हतं, पाण्याचं होतं, आणि ते कळलं तेव्हा तिला झटके सुरू झाले होते. प्रीएक्लॅम्पसिया हा शब्द सुवर्णाताईंना बहिणीच्या तेराव्याला पहिल्यांदा नीट उच्चारता आला. त्यामुळे ईश्वरीला दिवस गेले आणि तालुक्यातल्या रुग्णालयात ही बांगडी मिळते असं कळलं, तेव्हा सगळ्यात आधी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या त्या सुवर्णाताईच.

बांगडीचा एकच त्रास होता. तिचे वाटे नुसते भिंतीवर उमटून थांबत नसत, ते घराच्या ग्रुपवरही जात. ही सोय मल्हारनं हौसेनं सुरू करून ठेवली होती. ईश्वरीनं चहाचा पहिला घोट घेईपर्यंत नांदेडहून तिच्या आईचा अंगठा येई, नाशिकच्या आत्याचा येई, दुबईच्या मावसभावाचाही येई. बाळ शंभर ग्रॅम वाढलं की फुलं पडत. सुवर्णाताईंच्या काळी तीन महिने होईपर्यंत शेजारणीलासुद्धा सांगत नसत. आता सुनेच्या अंगातलं पाणी दुबईत मोजलं जात होतं. गंमत म्हणजे आताशा ईश्वरीला कुणी फोन करत नसे. कशाला करायचा? सगळं तर सकाळीच कळलेलं असे.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. सुवर्णा गाडेकर या काही देवभोळ्या बाई नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. एका सूर्यग्रहणाला तर ग्रहण लागलेलं असताना त्यांनी शाळेच्या मैदानावर सगळ्या वर्गाला दडपे पोहे खायला घातले होते आणि त्यावरून दोन पालक मुख्याध्यापकांकडे भांडायला आले होते. दृष्ट लागते यावर त्यांचा विश्वास नव्हता, हे त्या कुणालाही ठणकावून सांगत. तरीपण.

हे 'तरीपण' डोहाळजेवणाच्या दिवशी निघालं. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा, सगळं यथासांग झालं. ओटी भरताना शेजारच्या क्षीरसागरकाकूंनी ईश्वरीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि सुवर्णाताईंना म्हणाल्या, "लई भरल्यासारखी दिसती बघा सूनबाई. आन वाटणी बी रोज हिरवीगार. आमच्या सुनंची येक दिवस न्हवती अशी."

काकूंच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण 'भरल्यासारखी' हा शब्द सुवर्णाताईंच्या काळजात रुतला. वर्षालाही लोक हेच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी ईश्वरी अंघोळीला गेली आणि तिची बांगडी दिवाणखान्यात चार्जिंगला लागली होती. देवघरात काजळाची डबी तयार होती. एरंडेलाच्या दिव्यावर ताट पालथं धरून, काजळी तुपात खलून ती सुवर्णाताईंनी येणाऱ्या बाळासाठी करून ठेवली होती. त्यांनी मनाशी हिशेब मांडला तो असा. दृष्ट माणसाला लागते असं मानणाऱ्यांचं सोडून द्या. पण या घरात ईश्वरीकडे बघतंय कोण? नांदेड, नाशिक, दुबई, सगळे बघतात ते बांगडीकडे. मग लावायची झालीच तीट तर ती बांगडीलाच लावायला हवी. वरून लावली असती तर मल्हारनं जन्मभर चिडवलं असतं, म्हणून त्यांनी आतल्या बाजूला, काळ्या काचेची एक बारीक खिडकी होती तिच्यावर, करंगळीनं काजळ टेकवलं. काळ्यावर काळं, दिसलंही नाही. लावल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मंगळवारी एक ठिपका पिवळा झाला. बुधवारी आणखी एक. मल्हार म्हणाला, या पुरणपोळ्या बोलतायत, कमी होईल. पण चरबीचा वाटा जागचा हलला नव्हता. वाढत होतं ते मोकळं पाणी, आणि त्याखाली एरवी कुणी वाचतही नसे अशी एक ओळ होती, 'रक्ताचा दाटपणा', ती. शुक्रवारी सकाळी दोन्ही ठिपके तांबडे झाले. आठवड्यात वजन दोन किलोनं वर गेलं होतं. ग्रुपवर त्या दिवशी कुणी अंगठा दिला नाही. चहा निवायच्या आत रुग्णालयातून फोन आला, पेशंटला घेऊन लगेच या, बॅग भरूनच या.

ईश्वरी पाटावरून उतरली आणि कितीतरी वेळ बांगडीकडेच बघत राहिली. तिला काय वाटत होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सुवर्णाताई मात्र तिच्या मनगटाकडे बघायचंच टाळत होत्या. चोराच्या मनात चांदणं. सोमवारी काजळ लावलं आणि मंगळवारी पिवळं झालं, हे त्यांनी रिक्षात बसेपर्यंत दहा वेळा बोटांवर मोजून पाहिलं. काजळानं कुठे यंत्र बिघडतं का, असंही स्वतःला दहा वेळा समजावलं. वर्षाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. म्हणजे हे खरंच ते दुखणं आहे, की आपण लावलेलं बोट?

रुग्णालयात डॉक्टर निघाल्या शबाना तांबोळी. दारातून बघितल्याबरोबर त्या उठून उभ्या राहिल्या. "बाई, तुम्ही?" शाळेत तिसऱ्या बाकावर बसणारी, वहीला नेहमी निळं कव्हर घालणारी शबाना सुवर्णाताईंना ओळखू यायला थोडा वेळ लागला. ग्रहणातल्या पोह्यांची आठवण तिनंच काढली. त्या दिवशी घरी गेल्यावर आजीनं ओरडून अंघोळ करायला लावली होती म्हणे, पण डॉक्टर व्हायचं ठरलं ते त्या पोह्यांनीच. सुवर्णाताई हसल्या. हसताना त्यांना पदराआड करंगळी लपवावीशी वाटली.

मग शबानानं ईश्वरीला तपासलं आणि तिघांना बसवून समजावून सांगितलं. या दुखण्याचं मूळ वारेत असतं. वार गर्भपिशवीत नीट रुजली नाही तर तिथून अशी द्रव्यं रक्तात सुटतात की आईच्या रक्तवाहिन्यांची अस्तरं गळायला लागतात, जुन्या पखालीसारखी. पाणी रक्तातून बाहेर झिरपतं, वजन वाढतं, आणि आत उरलेलं रक्त दाट होतं. रक्तदाब चढतो तो यानंतर, कधी आठवड्यानं तर कधी एकाच दुपारी. कमी खाऊन हे थांबत नाही. बाळ आणि वार बाहेर येणं हाच त्यावरचा उपाय.

आत्ता ईश्वरीचा रक्तदाब एकशे अडतीसवर अठ्ठ्याऐंशी होता. वाईट नाही, चांगलाही नाही. तिच्या रक्ताच्या तपासणीचा आकडाही धड इकडे ना तिकडे असा होता. तिला मुळात रक्त कमी, त्यात लोहाच्या गोळ्या चालू, त्यामुळे त्या एका आकड्यावरून काही ठरवता येईना. दाटपणा चढतोय की नाही हे कळायला रोजची रेघ लागते, आणि ती फक्त बांगडीकडे होती.

"मोकळं पाणी आणि दाटपणा, दोन्ही तांबडे असले की आम्ही थांबत नाही," शबाना म्हणाली. "बाळाच्या फुप्फुसांसाठी आज इंजेक्शन देते. रविवारी सकाळी बाळ बाहेर काढू."

बाळाला एकतिसावा आठवडा चालू होता. मल्हारनं विचारलं, वाचेल ना. शबानानं खोटा धीर दिला नाही. बहुतेक वाचतात, म्हणाली, पण काचेच्या पेटीत राहावं लागेल, श्वासाचा त्रास होऊ शकतो, पुढे डोळ्यांचा, कानांचा.

सुवर्णाताईंनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आणि दोनांतलं एकच तांबडं असतं तर?"

"तर काढलं नसतं बाई. वाट बघितली असती. पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो."

"तो दाटपणा मोजतात कसा?"

"प्रकाशानं. आतल्या बाजूला एक खिडकी आहे, तिच्यातून कातडीखाली प्रकाश जातो. रक्त दाट असलं की तो कमी परततो."

सुवर्णाताई बाहेर येऊन बाकावर बसल्या. काजळी प्रकाश गिळते, हे त्यांनीच तीस वर्षं मुलांना मेणबत्तीवर काच धरून शिकवलं होतं. पाण्याचा ठिपका खरा, कारण ते अंगातून बारीक वीज सोडून मोजतात. दाटपणाचा ठिपका मात्र खोटा, निदान थोडा तरी. पण थोडा म्हणजे किती? सगळाच काजळाचा असेल तर आपल्या एका बोटासाठी नातवंड दोन महिने आधी बाहेर ओढलं जाणार. काजळाचा नसेल आणि आपण आता तोंड उघडलं, तर हे लोक वाट बघत बसतील आणि वाट बघता बघता वर्षाचं झालं ते ईश्वरीचं होईल. बोलावं तर सुनेवर बेततंय, गप्प राहावं तर बाळावर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती अशी असते, हे त्यांना वयाच्या साठीत कळलं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, शबाना काय म्हणेल, मल्हार काय म्हणेल, हाही विचार मनात येतच होता. त्याची त्यांना फार लाज वाटली.

मग त्यांना एक मधला मार्ग सुचला. शिकलेल्या माणसांना नेहमी मधला मार्ग सुचतो. काजळ हळूच पुसून टाकायचं. दाटपणा खरा असेल तर तांबडा राहील, खोटा असेल तर आपोआप उतरेल. कुणाला काही सांगायला नको, यंत्रच खरं काय ते सांगेल.

भिंतीला हात धुवायच्या औषधाची बाटली टांगलेली होती. त्यांनी पदराचं टोक त्यात भिजवलं आणि ईश्वरीच्या खाटेशी जाऊन बसल्या. तिचा हात हातात घेतला. महिन्यापूर्वी ही बांगडी कोपरापर्यंत सरकायची, आता मनगटात रुतून बसली होती. सुवर्णाताईंनी पदराचं टोक कसंबसं आत सारलं, हात कुरवाळल्यासारखं करत दोनचार वेळा फिरवलं. टोक काळं होऊन बाहेर आलं. ईश्वरीनं डोळे उघडून बघितलं. तिनं कपाळावर आडवा हात घेतला आणि पुन्हा डोळे मिटले.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. पाचच मिनिटांत खाटेमागचा पडदा किंचाळायला लागला. नर्सबाई धावत आल्या, मागोमाग शबाना आली. बांगडीच्या रेघेत दाटपणा उभाच्या उभा खाली कोसळला होता. आणि रक्त असं एकाएकी पातळ होतं ते एकाच कारणानं, असं बांगडीला शिकवलेलं होतं आणि शबानालाही. आतल्या आत रक्त वाहतंय. वार सुटतेय. बाळाचे ठोके अजून ठीक होते, पण अशा वेळी ते ठीक आहेत तेवढाच वेळ हातात असतो. रविवारपर्यंत थांबायचं कुठलं, शस्त्रक्रियेची खोली तयार करा म्हणून तिनं सांगितलं. मल्हारची सही घेतली. इंजेक्शनाचा गुण यायला अजून दिवस हवा होता, म्हणजे फुप्फुसं कच्चीच.

ईश्वरीला ढकलगाडीवर घेतलं आणि गाडी दाराशी आली. सुवर्णाताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"शबाना, थांब. रक्त गेलेलं नाही. काजळ होतं."

त्यांनी पदराचं टोक पुढे केलं. सगळं सांगायला त्यांना फार शब्द लागले नाहीत. डबी, करंगळी, काळी खिडकी, औषधाची बाटली. मल्हारनं आईकडे असं बघितलं, जसं एखाद्या परक्या बाईकडे बघावं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शबाना पदराचं टोक बोटांत धरून उभी होती.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "ग्रहणात पोहे खायला घालणाऱ्या तुम्ही."

सुवर्णाताईंच्या ओठांवर बहिणीचं नाव आलं होतं, पण ते कारण म्हणून पुढे करणं त्यांना बरं वाटेना.

शबानानं ईश्वरीच्या मनगटातली बांगडी साबण लावून ओढून काढली. आता हिचं काहीच धरता येत नाही, म्हणाली. चढलेलंही नाही आणि उतरलेलंही नाही, आठवड्याची सगळी रेघच गढूळ झालीय. खाटेमागचा पडदा काळा पडला. बरोबरचे दोन शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. वाटणी नसलेली गरोदर बाई त्यांनी आजवर हाताळलीच नव्हती. सकाळी कपाटात परत ठेवलेला रक्तदाबाचा पट्टा शोधून आणावा लागला.

मग शबाना गाडीच्या कडेवर टेकली आणि तिनं ईश्वरीला विचारलं, "तुला काय होतंय ते तू सांग."

ईश्वरी गोंधळून काळ्या पडद्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "डोकं दुखतंय."

"आत्ता?"

"डोहाळजेवणाच्या आधीपासून. काल डोळ्यांपुढे काजवे चमकले दोनदा. आणि इथे बरगडीखाली दुखतंय, मला वाटलं पित्त असेल."

"सांगितलं का नाहीस कुणाला?"

"वाटणी हिरवी होती ना तेव्हा," ईश्वरी म्हणाली. "मला वाटलं, मलाच उगाच काहीतरी वाटतंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. सुवर्णाताई रोज सकाळी चार पावलांवर उभ्या असत आणि त्यांनी सुनेला कसं वाटतंय असं शेवटचं कधी विचारलं होतं, ते त्यांना आठवेना. पट्ट्यानं रक्तदाब मोजला तो एकशे चौसष्टवर एकशे दहा निघाला. सकाळनंतर कुणी मोजलाच नव्हता, सगळे बांगडी बघत होते. शबानानं गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा पाय असा उडाला की नर्सबाई मागे सरल्या. झटके दारात येऊन उभे होते, आणि ते ओळखायला एक हातोडी पुरली.

पण वार सुटलेली नव्हती. त्यामुळे एक दिवस मिळाला. झटके येऊ नयेत म्हणून औषध सुरू झालं, रक्तदाब उतरवून धरला, बाळाच्या फुप्फुसांना इंजेक्शनाचा दुसरा डोस मिळाला. शनिवारी दुपारी मुलगी झाली. दीड किलोलाही थोडी कमी, पण रडली. कावळ्याच्या पिलासारखा आवाज होता, पण तो ऐकून मल्हारनं आईचा हात धरला. आदल्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता मात्र त्यानं हात सोडला नाही.

संध्याकाळी शबानानं सुवर्णाताईंना आपल्या खोलीत चहाला बोलावलं. त्या मनात धरूनच गेल्या होत्या की आता बोलणी खायची. पण शबाना त्यांच्याहून जास्त गोंधळलेली दिसत होती. ती म्हणाली, काजळ नसतं तर दाटपणा शुक्रवारी तांबडा झाला असता का, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. कदाचित पिवळा असता. मग नुसत्या पाण्यावरून आम्ही सोमवारची वेळ दिली असती. आणि सोमवारपर्यंत ती घरीच असती.

"म्हणजे माझ्या तिटेमुळे," सुवर्णाताई म्हणाल्या आणि थांबल्या.

"ते वाक्य पुरं करू नका बाई. मी ते कालपासून टाळतेय."

चहा निवत होता. शबानानं समोरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. बांगडी एकटी शिकत नाही, तिनं सांगितलं, जिथे जिथे ती आहे तिथल्या सगळ्या बायांच्या रेघांवरून शिकते. दुपारी ईश्वरीचं दुखणं खरं ठरलं आणि बांगडीनं आपणहून नोंद करून टाकली, 'वेळेत ओळखले'. म्हणजे काजळानं चढलेली रेघ आता आजाराची खूण म्हणून धरली गेलीय. ही केस काढून टाकायला सांगितली तर ते चुकीचं शिकणं पुसलं जाईल. पण मग बाई डोकेदुखीनं हैराण असताना बांगडी हिरवं दाखवत होती, हेही त्याच्याबरोबर पुसलं जाईल. केस ठेवली तर काजळ शिल्लक, काढली तर चूक नाहीशी.

"तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवलंत," शबाना म्हणाली. "काय करू?"

सुवर्णाताईंनी फार विचार केला. वर्गात असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी फळ्यावर दोन रकाने पाडले असते. आता मात्र त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला माहीत नाही गं." शबानाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीला चाकाच्या खुर्चीतून बाळाच्या पेटीपाशी नेलं. काचेपलीकडे मुलगी दोन्ही मुठी आवळून झोपली होती. नर्सबाईंनी एक इवलासा करडा वाळा आणला, बांगडीचीच धाकटी जात. याच्यानं श्वास, साखर, वजनाचे वाटे, सगळं कळतं, म्हणाल्या, फक्त आईनं हो म्हणायला हवं. ईश्वरीनं वाळा हातात घेतला, उलटा करून त्याच्या आतली काळी खिडकी बघितली आणि सासूकडे वळून विचारलं, "आई, बांधू का?"

सुवर्णाताईंनी काचेतून नातीकडे बघितलं. हिला कुणी विचारलं तरी ही सांगणार कशी? हिचं डोकं दुखलं तर हिला ते डोकं आहे हेसुद्धा अजून ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "बांध. ती बोलायला लागेपर्यंत बांध." आणि थोडं थांबून, ग्रुपवर काही जाणार नाही असं मल्हारला सांगायला हवं, असंही म्हणाल्या. काजळाची डबी त्यांच्या पिशवीत तळाशी होती. ती त्यांनी बाहेर काढली नाही.

नर्सबाई वाळा बांधायला लागल्या. सुवर्णाताई ईश्वरीच्या खुर्चीशेजारी वाकल्या. बाळंतपणानंतरही आठवडाभर धोका असतो, डोकेदुखीकडे लक्ष ठेवा, असं शबानानं बजावलं होतं.

"आणि तुझं डोकं?" त्यांनी विचारलं. "कसं वाटतंय तुला?"

ईश्वरीचा उजवा हात सवयीनं डाव्या मनगटाकडे गेला. तिथे बांगडीचा नुसता फिकट वळ होता. त्यावर तिनं बोट फिरवलं. मग तिनं डोळे मिटून घेतले.

"थांबा हं आई," ती म्हणाली. "बघून सांगते."

कुठे बघून, असं सुवर्णाताईंच्या ओठांवर आलं होतं. त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या आणि थांबल्या.